मागचा लोखंडी जिना

(कलकत्ता, १९६९. भरदुपार. दुसऱ्यांच्या इमारती सांभाळणाऱ्या एका कंपनीची तिसऱ्या मजल्यावरची कचेरी. मॅनेजर दिगंबर आणि टायपिस्ट कालिंदी आत. दार आतून बंद.)

दिगंबर : अजून एक खुर्ची लावा दाराला. नाहीतर कपाटच सरकवू या का?

कालिंदी : टेबल पुरे आहे, साहेब. त्यांना दार तोडायचं असतं तर कधीच तोडलं असतं.

दिगंबर : ऐका, ऐका! काय ओरडतायत आता?

कालिंदी : तेच. ‘चोलबे ना’, चालणार नाही म्हणून. आपले लिफ्टवाले, दरवान, सगळे झाडूवाले जमादार. शेजारच्या इमारतीतलेही आलेत.

दिगंबर : पोलिसांना परत फोन लावा ना.

कालिंदी : लावला होता. घेराव म्हटल्यावर ‘बघतो’ म्हणाले आणि ठेवून दिला. आता तर फोनही बंद झालाय. पंखाही त्यांनीच बंद केला.

दिगंबर : मारून टाकतील मला, कालिंदीबाई. मागच्या महिन्यात हावड्याच्या त्या कारखान्यात मॅनेजरचं काय झालं, ठाऊक आहे ना? आमची ही मुंबईला म्हणत होती, कलकत्त्याची बदली घेऊ नका. मलाच बढतीचे डोहाळे लागले होते!

कालिंदी : पाणी घ्या थोडं.

दिगंबर : मागतायत तरी काय ते?

कालिंदी : तुमची नोटीस मागे घ्या म्हणतायत. जमादारांनी पुढच्या जिन्यानं यायचं नाही, ती.

दिगंबर : ती माझी एकट्याची नाही हो! हेड ऑफिसचं म्हणणं, भाडेकरू आधी जिना बघतो आणि मग घर. बादल्या, झाडू पुढच्या संगमरवरावर दिसता कामा नयेत. आणि मॅनेजरनं एकदा शब्द मागे घेतला, की माणसं डोक्यावर बसतात.

कालिंदी : आपली जमादारीण शकुन सकाळी मागच्या जिन्यावरून पडली, साहेब. पायरीच निसटली. इस्पितळात आहे.

दिगंबर : ठाऊक आहे मला! सारखं सारखं काय सांगता?

कालिंदी : ती कशी आहे, हे तुम्ही अजून विचारलं नाहीत म्हणून सांगितलं.

दिगंबर : ...कशी आहे?

कालिंदी : पाय मोडलाय. डोक्यालाही लागलंय. शुद्धीवर आली की नाही, कुणालाच कळलेलं नाही.

दिगंबर : करायला गेलो गणपती आणि झालं माकड. तुम्हाला तर ते जाऊ देत होते ना? ‘दीदी, आपनी जान’, तुम्ही जा म्हणाले, मी ऐकलं. का नाही गेलात?

कालिंदी : मागचा जिना दुरुस्त न करता नुसता रंगवायचा तुमचा हुकूम मीच टाईप केला होता. त्यांच्यामधून कुठल्या तोंडानं जाऊ?

दिगंबर : इन्स्पेक्शन आलं होतं हो डोक्यावर! दुर्गापूजेनंतर दुरुस्त करणारच होतो.

कालिंदी : ओरडू नका. त्यांना ऐकू जातं. हे बघा, एक वाट आहे. स्वयंपाकघरामागचं दार मी उघडून आलेय. मागच्या जिन्यावर कुणी नाही. खाली गल्ली आहे, तिथून ट्रॅम गाठाल.

दिगंबर : मग आधी नाही का बोलायचं! चला, चला. माझा कोट राहू दे... थांबा. शकुन कुठून पडली?

कालिंदी : दुसऱ्या मजल्याच्या खालून. तेवढी पायरी ओलांडायची.

दिगंबर : दारातून नुसता हात लावला तरी जिना हलतोय हा.

कालिंदी : हलतोच तो.

दिगंबर : कठडाही सुटलाय इथे. खालची जमीन दिसतेय पायरीतून. यावरून ती बादली घेऊन चढायची?

कालिंदी : भरलेली. रोज. वर्षानुवर्षं.

दिगंबर : हिरव्यागार रंगाखाली नुसता गंज आहे. मला माहीत होतं. रंगाऱ्यानं बोटानं उकरून दाखवला होता मला.

कालिंदी : साहेब, लवकर ठरवा. ते इकडे वळले तर हीही वाट जाईल.

दिगंबर : नाही जमणार. हा मला नाही पेलायचा.

कालिंदी : मग?

दिगंबर : आत चला. टेबल काढू या.

कालिंदी : ते चिडलेत. अंगावर हात टाकतील.

दिगंबर : टाकतील. फार भीती वाटतेय मला. पण पुढचा जिना निदान दगडाचा तरी आहे.

कालिंदी : काय सांगणार त्यांना?

दिगंबर : की नोटीस फाडली. आणि मॅनेजर मागच्या दारानं पळणार होता, पण त्या जिन्यावर पाय ठेवायचं धाडस त्याला झालं नाही.

कालिंदी : तेवढ्यानं भागेल?

दिगंबर : नाही भागायचं. धरा, टेबल त्या बाजूनं धरा.