सात मजले, जिन्याने

स्टंट कलाकारांच्या या संघटनेच्या माननीय अध्यक्षबाई, व्यासपीठावरचे ज्येष्ठ फाइट मास्टर, आजचे सत्कारमूर्ती आणि आपल्या सगळ्यांचे बोकेराव, पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी, आणि समोर दाटीवाटीने बसलेल्या, कुणी खांदा, कुणी मनगट, कुणी पुढचे दोन दात या धंद्याला देऊन बसलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

माझी ओळख करून देताना चिटणीसांनी मला ‘पाच थरारक कादंबऱ्या पडद्यावर आणणारे अभ्यासू दिग्दर्शक’ म्हटलं. अभ्यासू! तो शब्द ऐकताच समोरचा पेला मी एका घोटात रिकामा केला. तो अध्यक्षबाईंचा होता. बाई, माफ करा. आज माफीची सुरुवात तिथूनच होऊ दे.

चिटणीसांनी मला फोनवर सांगितलं होतं, ‘‘बोकेरावांना वाचनाचं भारी वेड. तेव्हा पुस्तक सरस की सिनेमा, यावर दहा मिनिटं हलकंफुलकं बोला.’’ बोलतो. हलकंफुलकं जमेल असं वाटत नाही.

नवीन मुलामुलींना कदाचित माहीत नसेल, आज गोदामात गाद्या, दोर आणि पट्टे सांभाळणारे हे गृहस्थ एके काळी तिसऱ्या मजल्यावरून पडून कपडे झटकत उभे राहायचे. म्हणून तर नाव पडलं बोका. आणि या बोक्याची एक अजब सवय होती. कादंबरीवरून सिनेमा निघतोय असं कळलं की हा माणूस ती कादंबरी पैदा करायचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा, आणि जिथे जिथे कुणी पडतं, आपटतं, मार खातं, तिथे समासात पेन्सिलीने टिपण करायचा. ‘सात फूट. डावा खांदा.’ ‘हा माणूस पोहणारा नाही, हात असे मारणार नाही.’ मी एकदा त्याची टर उडवली होती, ‘‘अरे, तुला पडायचंय की परीक्षेला बसायचंय?’’ तर म्हणाला, ‘‘साहेब, कोण पडतंय ते कळल्याशिवाय पडू कसा?’’

आणि मी? सांगून टाकतो. ज्या कादंबरीने माझं नाव झालं, ती मी वाचली नव्हती. सहायकाने दीड पानाचा गोषवारा दिला होता, त्यावर मी अडीच तासांचा सिनेमा उभा केला. आणि मुलाखतींमध्ये काय सांगायचो? ‘‘कादंबरीने मला झपाटून टाकलं.’’ दीड पानाने किती झपाटणार हो माणूस?

त्या कादंबरीतला नायक पन्नाशीचा, गुडघ्याने अधू. सातव्या मजल्यावर अडकलाय, खाली मारेकरी वाट बघतोय. माझ्या गोषवाऱ्यात एवढंच होतं : ‘नायक इमारतीतून निसटतो.’ निसटतो म्हटल्यावर माझ्यासारखा माणूस काय करणार? मी त्याला उडी मारायला लावली. इमारत तीनच मजल्यांची मिळाली, पण ती सात मजल्यांची दिसेल असा कॅमेरा लावला.

बावीस वर्षं झाली त्याला. सकाळची वेळ होती. बोकेराव, म्हणजे तेव्हाचा बोक्या, खाली येऊन स्वतःच्या हाताने रिकामी खोकी रचून गेला होता, वर गादी टाकून, अंतर मोजून. वर कठड्यावर खडूने खूण केली होती, उडी नेमकी इथून मारायची म्हणून. मग पुस्तक घेऊन माझ्याकडे आला.

‘‘साहेब, एवढं एक पान वाचता का? दोन मिनिटं लागतील. पुस्तकात हा माणूस उडी मारतच नाही.’’

‘‘मग काय करतो?’’

‘‘जिन्याने उतरतो.’’

सगळं युनिट हसलं. सगळ्यात मोठ्याने मी हसलो. म्हटलं, ‘‘जिना उतरणारा हिरो बघायला कोण येणार रे? आण ते पुस्तक इकडे, आणि वर जा. ऊन सरकतंय.’’ त्याने पुस्तक माझ्या हातात दिलं. मी ते खुर्चीवर टाकलं.

तो जिना चढत होता तेव्हा मी कॅमेऱ्यातून पाहिलं. खोक्यांचा एक कोपरा चित्रात येत होता. मी म्हटलं, ‘‘दीड हात उजवीकडे सरकवा.’’ दोघांनी ती सरकवली. एक जण म्हणाला, ‘‘वर सांगायला हवं ना?’’ मी म्हटलं, ‘‘दीड हाताने काय होतंय? त्याला दिसेल.’’

दिसलं नाही; उडी समोर बघत मारायची होती. खडूची खूण होती तिथेच राहिली, आणि त्याने खुणेवरून, अगदी वेळेवर, बरोबर उडी मारली. वहिनी, मी मुद्दाम पुन्हा सांगतो. बरोबर मारली.

कमरेचं हाड आणि उजवी मांडी. आणि तो तुकडा मी सिनेमात ठेवला बरं का! अगदी जमिनीला टेकेपर्यंतचा. पुढे लगेच आमच्या हिरोचा चेहरा, तो उठतो, धूळ झटकतो, पळत सुटतो. थिएटरमध्ये शिट्ट्या पडायच्या. पडद्यावर तो अर्ध्या सेकंदात उठला. बोकेराव एकोणीस आठवड्यांनी उठले.

संघटनेच्या अपघातवहीत कारण लिहायचं होतं. मी लिहिलं, ‘कलाकाराची वेळ चुकली.’ खाली सही केली. माझी सही तशी झोकदार आहे. त्या एका ओळीने या माणसाचं काय केलं ते इथल्या जुन्यांना ठाऊक आहे. पाय थोडाफार बरा झाला, छोटीमोठी कामं करता आली असती, नव्यांच्या उड्या बसवता आल्या असत्या. पण वेळ चुकणाऱ्याच्या भरवशावर कोण उडी मारणार? मग त्यांना गोदाम दिलं. आणि गंमत बघा, गंमत कसली, ती अपघातवही त्याच गोदामात असते, आणि कपाटाची किल्ली बोकेरावांच्या कमरेला. बावीस वर्षं. एक रेघ मारायला किती वेळ लागतो? परवा चिटणीसांकरवी मागवून मी ती वही उघडून पाहिली. माझी ओळ जशीच्या तशी आहे. त्यांनी तिला हात लावलेला नाही.

मी इस्पितळात गेलो होतो एकदा. फुलं घेऊन, आणि लाज वाटते सांगायला, फोटोवाला घेऊन. वहिनींनी मला दारातच विचारलं, ‘‘यांची वेळ चुकली म्हणे? अहो, पंधरा वर्षांत यांची सकाळी दूध आणायची वेळ चुकलेली नाही!’’ आतून आवाज आला, ‘‘राहू दे गं. येऊ दे त्यांना.’’ मी खाटेजवळ गेलो. मला वाटलं, आता हा विचारणार, खोकी कुणी हलवली. विचारलं नाही. म्हणाले, ‘‘साहेब, ते पान वाचलंत का?’’

मी म्हटलं, ‘‘वाचलं. छान आहे.’’

यानंतर मी त्यांच्या घरी कधी गेलो नाही. समारंभात दिसले की लांबून हात करायचो आणि कुणाशी तरी बोलण्यात गुंतायचो.

आता मला दिलेला विषय. पुस्तक की सिनेमा? गेल्या आठवड्यात या भाषणासाठी काहीतरी हवं म्हणून मी ती कादंबरी शोधली. माळ्यावरच्या पेटीत सापडली, बोकेरावांचीच प्रत, त्या दिवशी माझ्या सामानाबरोबर घरी आलेली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून दोन दिवसांत वाचली. बायकोला वाटलं, माझी तब्येत बरी नाही. तिचं फारसं चुकलं नव्हतं.

तर मला कळलेला फरक एवढाच. पुस्तकात नायकाला चाळिसाव्या पानावर लाथ बसते आणि ती दोनशेव्या पानावरही दुखते. मोजा उतरवतानाही तो ‘आई गं’ म्हणतो. सिनेमात आम्हाला तेवढी सवड नसते. आम्ही मार दाखवतो, दुखणं कापून टाकतो. पण दुखणं असं कापून जात नाही हो. ते कुणाच्या तरी घरी जातं. आमच्या सिनेमातलं वहिनींच्या घरी गेलं, आणि बावीस वर्षं तिथेच राहिलंय.

आणि ते पान. बारा पानांच्या एका प्रकरणाचं ते पहिलं पान. तो माणूस सात मजले जिन्याने उतरतो. कठड्याला धरून, पायऱ्या मोजत, दर मजल्यावर थांबून. काहीही घडत नाही, आणि माझ्या हाताला घाम फुटला होता. इतका थरार मला पाच सिनेमांत जमलेला नाही. समासात पेन्सिलीने लिहिलंय : ‘उडी नाही! जिना. हेच खरं धाडस. साहेबांना दाखवणे.’ खाली दोन रेघा.

काय? बोकेराव काहीतरी म्हणतायत. ‘‘पुरे आता साहेब, चहा निवतोय.’’ बोकेराव, निवू दे. बावीस वर्षं तुम्ही गप्प बसलात, आणखी दोन मिनिटं बसा.

अध्यक्षबाई, ती वही मी गोदामातून आणवली आहे, तुमच्यासमोर ती जी लाल कापडी बांधणीची आहे. माझ्या ओळीखाली आज सकाळी मी लिहिलं आहे : ‘कलाकाराची वेळ अचूक होती. खोकी दिग्दर्शकाने न कळवता हलवली. आधी लिहिलेलं कारण खोटं आहे.’ तारीख घातली आहे, सही साधी केली आहे. संघटनेला माझ्यावर जी काही कारवाई करायची असेल ती जरूर करावी. गोदामातून गाद्या देताना बोकेराव इथल्या नव्या मुलांना एक नियम सांगतात, की खूण केल्यावर खालचं काही हललं तर वर ओरडून सांगायचंच. तो नियम कुठून आला, हे त्यांनी तुम्हाला सांगितलं नसणार. आता तुम्हाला कळलं.

बोकेराव, हे तुमचं पुस्तक. परत द्यायला उशीर झाला. ते पान मी वाचलं. या वेळी खरंच वाचलं.

आपण मला बोलू दिलंत, त्याबद्दल संघटनेचे आणि आपल्या सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, पाहुण्यांचा मान राखण्यात कसूर झाली असेल, तर ते पोटात घालावं. त्या सकाळचं मात्र पोटात घालू नका.

हा हॉल चौथ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद आहे. मघाशी येताना बोकेराव माझ्या पुढे जिना चढत होते, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. त्यांना ओलांडून वर यायची मला लाज वाटली, म्हणून मी खालच्या वळणावर फोन आल्यासारखं करून उभा राहिलो. उतरताना ते करणार नाही. वहिनी, तुमची हरकत नसेल तर यांच्या डाव्या हाताला तुम्ही असा, उजव्या हाताला मी येतो. कितीही वेळ लागू दे.