काकांचं काश्मिरी सफरचंद

प्रताप नगरातल्या आमच्या काकांचं डोकं कसं चालतं ते ऐका. काश्मीरच्या जुन्या अंबरी सफरचंदाचं म्हणून त्यांनी कोणाकडून तरी एक रोप आणलं आणि अंगणात लावलं. मे महिना लागताच हॉलमधला कूलर उचलून त्याच्यासमोर ठेवला.

काकू म्हणाली, "अहो, आम्ही घरात उकडून राहिलो, अन् हवा झाडाले काहून?"

"तुले सवय आहे वं. ते काश्मीरचं आहे."

काकूनं आपली खाट झाडाशेजारी टाकली.

तिसऱ्या हिवाळ्यात झाडाला फळं लागली. काकूनं एक चाखलं. "अहो, हे तं बोर आहे."

काकांनीही एक तोंडात टाकलं, शांतपणे चावलं, बी थुंकली आणि म्हणाले, "जुन्या जातीचं सफरचंद असंच लागत असन."