धनश्रीला नंबर आला

(सुरत, लिंबायत. भूपेंद्रभाईंचं चष्म्याचं दुकान. बारा वर्षांची धनश्री स्टुलावर, तिची आजी प्रमिलाबाई बाकावर.)

धनश्री: ...पी, टी, ओ, झेड. झालं! चल आजी, घरी.

प्रमिलाबाई: पाह्यलं का भूपेंद्रभाई? धडाधड वाचलं पोरीनं. एक अक्षर नाही चुकली.

भूपेंद्र: बराबर, प्रमिलाबा. पण बोर्ड मी आत्ताच फिरवला. समोर आता गुजराती अक्षरं आहेत.

धनश्री: अंकल, ही चीटिंग आहे!

भूपेंद्र: चीटिंग माझी? मघाशी तुझ्याआधीची छोकरी वाचत होती, तेव्हा ओठ हलवून पाठ कोण करत होतं?

प्रमिलाबाई: अवं माय! सुईत दोरा एका झटक्यात ओवते, साडीवर बारीक टिकल्या लावते, म्हनून मी म्हने डोळे चांगले. आन् परवा गॅसवाल्याच्या पाया पडली, सुपडूमामा समजून! तो बिचारा खांद्यावर टाकी घेऊन उभा.

धनश्री: आशीर्वाद दिला ना त्याने?

भूपेंद्र: जवळचं दिसतं, लांबचं नाही. लॉकडाऊनपासून अशी पुष्कळ पोरं येतात. तुझी शाळा कुठे भरायची?

धनश्री: पप्पांच्या मोबाईलमध्ये. सर चण्याएवढे दिसायचे. शाळा सुटली की त्यातच गेम.

भूपेंद्र: आणि बाहेर खेळायला?

धनश्री: कुठलं बाहेर! खोलीतच. लांब बघायला समोरची भिंत होती, तीपण चार हातांवर.

भूपेंद्र: ही काच लाव. आता? दिसलं ना साफ? बा, पोरीला नंबर आला. दोन.

प्रमिलाबाई: दुसरा? मग पह्यला कोनाचा?

धनश्री: आजी, चष्म्याचा नंबर! पण थांब, पप्पांना असंच सांगू. माझा दुसरा नंबर आला. खोटं कुठेय?

भूपेंद्र: आणि नाकावर चष्मा दिसेल तेव्हा?

धनश्री: बक्षीस मिळालं म्हणायचं.

प्रमिलाबाई: लबाड कुठची! चष्म्याची लाज वाटते का व?

धनश्री: लाज नाही. चश्मिश म्हणू देत कोणीपण. पण तो मोबाईल पप्पांनी माझ्या शाळेसाठीच घेतला होता ना. आता म्हणतील, मीच पोरीचे डोळे घालवले. मग ते जेवत नाहीत, आजी. मला नाही बघवत.

प्रमिलाबाई: भूपेंद्रभाई, चष्मा बनवा. लाल काड्यांचा.

धनश्री: आणि पप्पा?

प्रमिलाबाई: त्याले खरं सांगायचं. तू दाराकडे गेली का मीच तुले मोबाईल देऊन परत बसवत होती. तुझे आजोबा त्या साथीत दवाखान्यात गेले, ते आलेच नाहीत. मग मले बाहेरचं भ्याव वाटे. तुझा बाप दिवसभर कापडाच्या लूमवर, त्याले काय माहीत?

धनश्री: आजी...

प्रमिलाबाई: रडू नको, नंबर वाढेल. बापानं विचारलं तर सांग, दाराची कडी आजी लावायची.