मामा, चहा घ्या ना

— नाही नाही, उभ्या उभ्या कसलं बोलणं, बसा हो मामा. साखर किती घालू, एक की दोन? ताई आत फोनवर आहेत, त्यांनी हो म्हटल्याशिवाय मी पोरीला कशी पाठवणार तुमच्याबरोबर — हे काय माझं घर आहे? आसऱ्याला आलेल्या मुलींची संस्था ही, आणि मी इथली मावशी. दार उघडायचं, दार लावायचं, चहा टाकायचा. तोंड तेवढं माझं स्वतःचं, ते चालूच असतं. ताई म्हणतात, मावशी, तुमच्या जिभेला हाड नाही. आता जिभेला हाड कुणाच्या असतं, तुम्हीच सांगा! तुम्ही फोनवर लिहा खुशाल, मला काही वाटत नाही. मामींना कळवताय ना, उशीर होईल म्हणून? कळवा, कळवा. माणसाने घरी कळवावं.

पोर कशी आहे म्हणता? आता बरी आहे. आली तेव्हा बघवत नव्हतं हो. वय ते काय, शाळेत हुंदडायचं, आणि नजर जमिनीतून वर येत नव्हती. आम्ही काही विचारलं नाही. इथे कुणी खोदून खोदून विचारत नाही, सांगावंसं वाटेल तेव्हा सांगेल. पण सगळ्याला तिचा एकच शब्द — चालेल. जेवतेस का? चालेल. दिवा मालवू का? चालेल. उपाशी झोपतेस का, म्हटलं मी एकदा गमतीने, तर त्यालाही चालेल! मी ताईंना म्हटलं, काय गुणाची पोर आहे, कशाला म्हणून नाही म्हणत नाही. ताईंचा चेहराच उतरला. म्हणाल्या, मावशी, नाही म्हटल्यावर काय होतं ते शिकवलंय तिला कुणीतरी. तेव्हापासून आमचा सगळ्यांचा एकच उद्योग, हिच्या तोंडून एक ‘नको’ काढायचं. आणि परवा काय झालं, दुधाचा पेला पुढे केला तर हळूच सरकवला आणि म्हणाली, नको, साय आहे. सायीवरून कुणी रडतं का? मी रडले. आत जाऊन पदराने डोळे पुसले आणि दूध गाळून आणलं.

तुमचा चहा गाळूनच दिलाय, घ्या.

फोनची तेवढी धास्ती आहे अजून. नुसती घंटी वाजली तरी हातातलं टाकून कोपऱ्यात जाऊन बसते, गुडघ्यात डोकं घालून. तसाच एक दिला होता म्हणे कुणी, नवाकोरा — आधी फोन, मग गोड गोड बोलणं, मग फोटो, आणि मग त्याच फोटोंची धमकी. मुडदा बशिवला मेल्याचा! माफ करा हं, जीभ घसरली. तुमच्या पिशवीतही फोनचाच खोका दिसतोय. भाचीला? वा. हौशी आहात.

पण हाताला काम मिळालं आणि पोर खुलली बघा. ह्या माझ्या ब्लाउजची बाही तिनेच लावलीय, आहे का कुठे चुणी? आत्ता इथे नाहीये ती, शिवण शिकायला जाते ना. शिकवणाऱ्या बाई दुपारी जेवायला घरी जातात, तरी ही आपली एकटी मशिनवर. म्हणते, मावशी, खालून पाव भाजल्याचा वास येतो, बरं वाटतं — जाऊ दे, मी कुठे वाहवत चालले. आणखी अर्धा कप? झालं लिहून?

उठलात का? बसा. बसा म्हणतेय ना! दाराला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या कमरेला. मघाशी दारात काय म्हणालात तुम्ही? मी तिचा सख्खा मामा, वहिनींनी पाठवलंय. वहिनींनी! अहो, मामा ना तुम्ही? मग पोरीची आई तुमची कोण लागते? बहीण. सख्ख्या बहिणीला वहिनी कोण म्हणतं हो? खोटंच सांगायचं तर काका तरी व्हायचंत! तेव्हाच ओळखलं मी. मला काय हौस आहे अनोळखी माणसापुढे चऱ्हाट वळत बसायची? ताई आत पोलिसांशी बोलतायत. ते येईपर्यंत तुम्हाला इथे बसवून ठेवायचं होतं, ठेवलं. अडकलात की नाही, मामा?

हसताय काय?

हसायला काय झालं? फोन पालथा का घातलात? दाखवा इकडे. मघापासून कुणाला लिहीत होतात, मामींना ना? बोला की! चहासुद्धा तसाच आहे, घोटभर घेतला नाहीत. घाई कशी नाही तुम्हाला, कुलूप आहे म्हटलं तरी —

पाव म्हणाले मी. पावाची भट्टी गावात एकच. आणि बाई जेवायला जातात, तेही मीच —

ताई! ताई, पोलिसांना इकडे नको, तिकडे पाठवा, भट्टीच्या वर, शिवणाच्या खोलीत! आत्ता! तिथला फोन मी लावते, द्या, द्या इकडे — वाजतोय. वाजतोय ताई. उचल गं बाई. मी आहे, मावशी आहे. कोपऱ्यात नको जाऊस, पोरी, आजच्या दिवस नको — उचल —