काट्याची आठ घरं

धाकटा : ...आणि मग वाटतं, हे असंच चालू राहावं. जेवणं झालीत, ऊन खिडकीतून आत आलंय, तू काही बोलत नाहीस. किती वर्षांनी बसलोय दादा, असा तुझ्याजवळ.

थोरला : बस की. पण लेथला टेकू नकोस. तू टेकलास तरी या मापाच्या डायलचा काटा हलतो.

धाकटा : माझ्या टेकण्यानं? एवढं मणभर लोखंड!

थोरला : लोखंड फार हळवं असतं. तुझ्या वहिनीसारखं नाही.

(भावाच्या वर्कशॉपमध्ये स्टुलावर बसून धाकटा आपल्या जुन्या रायफलची नळी न्याहाळत होता. बावीस वर्षं ती कपाटात पडून होती. आता लेकीला हवी होती, म्हणून काढली.)

धाकटा : काय चाललंय ते तरी सांग.

थोरला : नळी धरायला पुढे चार जबडे, मागे चार बोल्ट. एक सैल करायचा, समोरचा आवळायचा. नळीचं भोक लेथच्या बरोबर मधोमध आलं पाहिजे. मग मागचं टोक कापायचं आणि काडतूस बसतं ती जागा, चेंबर, नव्यानं कोरायचं. काट्याचं एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. तुझा एक केस घेतलास तर सहा-सात घरं होतील.

धाकटा : आहेत कुठे केस! असू दे. नीट कर हं. पुढच्या महिन्यात तिची नेमबाजीची निवड चाचणी आहे. काल पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला धरून उभी होती. 'बाबा, पाणी हलतंय का?' अजिबात हलत नव्हतं. तरी बघत बसली. माझा हात तिच्यात उतरलाय की काय, ही धास्ती घेतलीय पोरीनं.

थोरला : हं.

धाकटा : तिला काय सांगणार? मी अजून चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो. ...काय झालं? का थांबलास?

थोरला : काही नाही.

धाकटा : तुझं 'काही नाही' मला लहानपणापासून माहीत आहे.

थोरला : इकडे ये. नजर काट्यावर ठेव आणि हे चाक हातानं फिरव.

धाकटा : मी? माझा हात...

थोरला : तुझ्या हातानं काही बिघडत नाही. फिरव. हळू.

धाकटा : गप्प बसलाय काटा. झोपल्यासारखा.

थोरला : हे नळीचं भोक, काट्याची काडी आत टेकलीय ते. एकदम सरळ. आता ही काडी जरा मागे घेतो, जुन्या चेंबरमध्ये. फिरव.

धाकटा : निघाला... तीन, पाच... आठ. आणि आला परत. छान दिसतं रे हे. पाळण्यासारखं.

थोरला : छान नाही ते. चेंबर वाकडं आहे. काडतूस तिरकं बसायचं, गोळी तिरकी शिरायची. दहातली एखादी भलतीकडे जायची.

धाकटा : पण हे चेंबर तर...

थोरला : मीच कोरलेलं. मी पंपाचे शाफ्ट करणारा माणूस. शाफ्ट बाहेरून सरळ फिरला की काम झालं. तसाच काटा नळीला बाहेरून लावला. भोक बाहेरच्या अंगाच्या मधोमध नसतं, हे मला तेव्हा कुठं ठाऊक होतं?

धाकटा : म्हणजे त्या स्पर्धेतली माझी शेवटची गोळी.

थोरला : हो.

धाकटा : सगळं शांत होतं दादा. घोडा दाबला तेव्हा श्वाससुद्धा थांबलेला. आणि निशाण आलं ते पार कडेला. मग मी हाताकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. तू पाठीवर थाप मारून म्हणालास, 'होतं असं, हात हलतो माणसाचा.'

थोरला : म्हणालो.

धाकटा : अजून स्वप्नात झाडतो ती गोळी. दर वेळी हात घट्ट धरतो, आणि दर वेळी ती बाहेरच जाते.

थोरला : चुकलो रे. मला बोल काहीतरी. शिव्या दे.

धाकटा : देईन. उद्या येईल राग, बहुतेक चांगलाच येईल. आत्ता नुसतं पाण्यावर तरंगल्यासारखं वाटतंय. पण मला एक कळत नाही. तू गुपचूप कापून टाकलं असतंस तर? मला कुठं समजणार होतं?

थोरला : हात गेलाच होता हत्याराकडे. मग तुझी पोर डोळ्यांपुढे आली, पेला धरून उभी असलेली. कापू आता?

धाकटा : नको. थांब. तिला फोन लावतो.

थोरला : तिला यायला तास लागेल.

धाकटा : लागू दे. बावीस वर्षं गेली, तास काय घेऊन बसलास! आली की तिच्या हातानं फिरवू दे चाक. आठ घरं तिची तिला मोजू दे.

थोरला : आणि मग मी तिला सांगतो सगळं. चूक माझी आहे, माझ्याच तोंडून ऐकू दे.

धाकटा : तुझं तू सांग. पण आधी मी बोलणार. बाबाचा हात हलला नव्हता, एवढं मला माझ्या तोंडानं सांगायचंय.