ऑस्वीनियनची बायको

—नाही नाही, मिस्टर पेनफोल्ड, तो कोट नव्हे, हा हिरवा स्वेटर न्या. कोपरं विरलीयेत, ठाऊक आहे मला. आख्ख्या गावाची मढी तुम्ही सजवता, तुम्हाला हसू येणारच. पण ह्यूनंच सांगितलंय, चांगला शुद्धीवर होता — 'मॉरीन, पेटीत मला बागेतला स्वेटर घाल, गळा उघडा ठेव, आणि शाळेचा टाय मेलो तरी नको.' वर हसला. मी हो म्हटलं. नवऱ्याला दिलेला शेवटचा शब्द हो तो! — दार तेवढं लोटून घ्या, बाहेर जेरल्ड बसलाय, माझा दीर.

तुम्ही गावातल्याच शाळेतले ना? सुटलात. हे दोघे भाऊ ऑस्वीनियन. सेंट ऑस्विन्स या बड्या निवासी शाळेतलं पोरगं म्हंजे ऑस्वीनियन, आणि ऐंशीचं झालं तरी ऑस्वीनियनच. आजचा पेपर पाहिलात? 'ह्यू ट्रेंचर्ड, ऑस्वीनियन.' मग पलटण, मग क्रिकेट, आणि मी पार तळाला. जेरल्डनं दिलीय ही निधनाची बातमी, दुसरं कोण! लग्नातल्या भाषणात माझं नाव चुकला होता हा, शाळेचं नाही चुकला.

आठव्या वर्षी नेऊन टाकलं ह्यूला तिथं. रडला नाही म्हणून कौतुक झालं. म्हातारपणीसुद्धा मागून कुणी शाळेतल्या मास्तरांसारखी आडनावानं हाक मारली की खाडकन उभा राहायचा — माझ्याच स्वयंपाकघरात! असा संताप यायचा मला. आणि तरी दरवर्षी शाळेच्या जेवणाला जायचा, तोच टाय बांधून. का? का म्हंजे, हे घर कुणाचं? शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाचं. विधवेनं राहायचं ते मंडळाची मर्जी असेतोवर. आणि अध्यक्ष कोण? बाहेर बसून ह्यूची व्हिस्की पितोय तो. टाय इस्त्री करून सकाळीच पलंगावर ठेवलाय त्यानं. म्हणतो, 'उद्या सगळे जुने मित्र त्याला शेवटचं बघायला येणार, एकजात टाय बांधून, आणि हा एकटा माळ्यासारखा पडणार?'

पडू दे की! माळीच व्हायचं होतं त्याला. तुम्ही न्या हो स्वेटर, पिशवीत घाला. विचारलंच तर माझं नाव सांगा. काढू दे घराबाहेर. जाईन बहिणीकडे, एक्सेटरला — तिची एकच खोली आहे, त्यात ती नि तिची कुत्री — पण जाईन, बघू —

कोण? — जेरल्ड! ये ना. नाही रे, कुठं काय, टायचंच सांगत होते यांना. हो, शोभतो त्याला. शोभायचाच.

तो स्वेटर द्या इकडं, मिस्टर पेनफोल्ड. टायची गाठ घट्ट बांधा, सैल चालत नाही शाळेवाल्यांना. या आता तुम्ही.