ह्यांचा उजवा हात

चूकच आहे ती, नाही कशाला म्हणू. तू पहिली नाहीस बोलणारी. बस आधी — त्या गाठोड्यावर नको गो, चिंध्या आहेत त्यात, खुर्ची ओढ. हां. मृणालिनीताईंचं नाव घेतलंस म्हणून दार उघडलं, नाहीतर गॅलरीवाल्यांना मी हल्ली दारात उभं करत नाही. तर तू बघितलंस बरोबर. पुस्तकाच्या ह्या पानावर छापलेलं चित्र, आमचे हे बसलेत, आणि डाव्या हाताची दोन बोटं नाहीत. आणि समोरच्या पानावर कागदाचा उठावाचा पंजा, तो उजवा — आणि त्याचीही दोन बोटं नाहीत. कोणीही बघणारा काय म्हणणार? दोन्ही हात गेले बिचाऱ्याचे. तसं नाही. डावा हात धडधाकट होता मरेपर्यंत. बोटं गेली ती उजव्याची, मधलं आणि त्याच्या बाजूचं, मिलमध्ये, मशिनीत. संपाच्या कितीतरी आधी. संपाने बोटं नाही खाल्ली, संपाने बाकीचं सगळं खाल्लं.

कसं सुरू झालं? कसं म्हणजे — पोटासाठी, दुसरं काय. संप लांबत गेला, हे घरात बसले, मग मी ठाकूरद्वारला एका बाइंडरकडे लागले. शाळेची पुस्तकं शिवायची, खळ लावायची. तिथे मृणालिनीताई यायच्या. लाकडावर चित्रं कोरायच्या, आर्ट स्कूल शिकलेल्या, आणि त्यांच्या पुस्तकांना माझ्याच हातची शिलाई लागायची, दुसऱ्या कोणाची चालायची नाही. एक दिवस म्हणाल्या, मालन, कागदच आपण बनवला तर? मी म्हटलं, ताई, कागद बाजारात मिळतो की. पण नाही, डोक्यात घेतलं की घेतलं. सुती चिंध्या भिजवायच्या, कुजवायच्या, कुटायच्या, लगदा झाला की जाळीवर उचलायचा. कुटणार कोण? हे कुटायचे. इथेच, ह्या मोरीच्या बाजूला. डाव्या हाताने मुसळ धरायचे आणि उजव्याच्या उरलेल्या बोटांनी आधार द्यायचे. खालचे लोक शिव्या घालायचे, प्लास्टर पडतं म्हणून. पण संपानंतर पहिल्यांदा ह्या माणसाला घाम आलेला मी बघितला. बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू. स्वतःचे मिलचे शर्ट आणून टाकले त्यांनी त्यात. म्हणाले, आता कुठे घालणार आहे मी हे. तू धरलायस ना तो कागद, त्याला जरा खाकी झाक आहे बघ — ते शर्ट आहेत.

आता चूक. हसशील तू. लाकडावर कोरलेलं उलटं छापतं, एवढं तर तुला ठाऊक असेल — आरशासारखं. म्हणून चित्र ठोकळ्यावर चिकटवायच्या आधी उलटं करून घ्यायचं. ताईंनी ह्यांना समोर बसवून काढलं. हे हात लपवत होते मांडीखाली, ताई म्हणाल्या, महादेवराव, हात दाखवायचाय म्हणून तर तुम्हाला बसवलंय. काढला कसाबसा बाहेर. मग ताईंनी ते पातळ कागदावर उतरवलं, आठवणीने उलटं करून टेबलावर ठेवलं आणि चहाला गेल्या. चिकटवायचं काम माझं. मी बघितलं — अरे, हे उलटं करायला पाहिजे. मी केलं. मला वाटलं त्या विसरल्या. त्यांना वाटलं मला काय कळतंय, मी आहे तसंच लावीन. दोघींनी काळजी घेतली, म्हणून चुकलं. एकटीने केलं असतं ना, कोणाही एकटीने, बरोबर झालं असतं. कोरून झालं, शाई लावली, पहिला कागद उचलला, तर बोटं गेलेली डाव्या हाताची. महिन्याचं कोरीवकाम फुकट गेलं. ताई रडकुंडीलाच आल्या, म्हणाल्या, फेकून देते ठोकळा, नवा कोरते.

आणि हे उठून आले. हात धुतले, कागद उजेडाला धरला, किती वेळ बघत राहिले. मग म्हणाले, राहू द्या ताई. पुस्तकात तरी उजवा धड असू दे.

बस. राहिलं ते तसंच. ताईंनी वर मान केली नाही त्या दिवशी.

नाही, समजलं मला तू कशाला आलीस ते. ताईंना आता दिसत नाही नीट, मोतीबिंदू आहे दोन्हीकडे, आणि जायच्या आधी सगळं सुधारून ठेवायचंय त्यांना. नवा ठोकळा कोणीतरी तरुण पोर कोरेल, बरोबर हात दाखवून, आणि मी नवे पंजे काढून द्यायचे, नवी पन्नास पुस्तकं, काचेच्या कपाटात, तिथे करी रोडच्या त्या टॉवरखाली म्हणालीस ना? गंमत आहे. ह्यांची मिल त्याच जागेत होती. असो. पण पंजे काही व्हायचे नाहीत. साचा फुटला. मागच्या गणपतीत माळ्यावरून काढताना हातातून सुटला, तुकडे तुकडे. प्लास्टरच तो, ह्यांच्या हातावरून घेतलेला. ताईंना मी फोनवर सांगितलंय तसं, त्यांनी तरीपण पाठवलं तुला. आणि फुटला नसता तरी उपयोग नव्हता. ओला लगदा दाबायचा, पाणी टिपायचं, सुकला की सोडवायचा — दर वेळी प्लास्टर थोडं थोडं सोबत घेऊन येतो तो. पहिल्या पंज्यात अंगठ्याच्या बारीक रेघा आल्या होत्या, वाचता येतील अशा. तुझ्या हातातल्या पंज्यात बघ, आहेत कुठे? आता तर तळहाताची मोठी रेघ पण बुजत चाललीय, सकाळी पुसायला घेतला की बोटाला —

काय बघतेस?

बरं. नाही फुटला. कपाटात आहे, साडीखाली. पुसते मी रोज, मग? फुटला म्हणून सांगितलं की माणसं पुढे बोलत नाहीत, म्हणून सांगितलं. ताई माझ्या मैत्रीण आहेत, त्यांच्याशी खोटं बोलताना मला काय बरं वाटलं असेल? पण त्यांना फोनवर कसं सांगू? प्रत्येक पुस्तकागणिक ह्यांचा हात झिजतोय, हे मला कळलं तेव्हा आमची अर्धी पुस्तकं होऊन गेली होती, आणि हे गेलेले होते. फोटो आहे एक लग्नातला, त्यात हात हाराखाली. दुसरं काही नाही ह्या घरात त्यांच्या अंगाचं. शर्ट तर कुटून टाकले आम्हीच. हा एक खळगा आहे, त्यांनी स्वतः हाताला तेल चोळून ओल्या प्लास्टरमध्ये दाबलेला. हसत होते, गार लागतं म्हणून. मी माझा हात ठेवते त्यात. काय वेडेपणा म्हण. पण बसत नाही नीट — माझी ती दोन बोटं दुमडावी लागतात, तेव्हा कुठे बसतो. आणि तो एवढासाच उरलाय, तुमच्या पन्नास पुस्तकांत सपाट होऊन जाईल. मग मी कुठे ठेवू हात?

नाही, दाखवणार नाही. रागावू नकोस, तुझा काही दोष नाही. चांगल्या घरची दिसतेस, कागद दोन्ही हातांनी धरतेस.

असं कर. जुना ठोकळा ने. तो पलंगाखाली आहे, फडक्यात — नीट काढ, कोपरा उडालाय. लाकूड आहे, अजून पुष्कळ छापेल. कागद मी देईन, मुसळ उचलत नाही आता, पण ही चिंध्यांची गाठोडी आहेत, खालच्या बाया येतात मदतीला. शिलाई माझी. पण चित्र आहे तसंच छापायचं, कोणी सुधारायला जायचं नाही, आणि समोरचं पान कोरं सोडायचं. पंजा नसला की चूकही दिसायची नाही कोणाला. उजवा धड होता, एवढंच राहील. मागितलं होतं त्यांनी एकदाच काहीतरी आयुष्यात.

आणि ताईंना सांग, साचा फुटला. तुकडे तू बघितलेस म्हणून सांग, तुझ्यावर विश्वास ठेवतील.

चहा नको ना? मग नीघ आता. दार लोटून घे जाताना, मला परत उठवत नाही.